तुळजापूरच्या घाटात तापणारी फियाट

मे महिन्यातली दुपार, सोलापुरात ४३ अंश. तुळजापूरच्या घाटात शेवटचं वळण यायच्या आधी गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. गाडी डॉक्टरांची; त्यांनी बॉनेट उघडलं, पंचा पाण्यात भिजवला आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर गुंडाळला. दहा-बारा मिनिटांनी गाडी सुरू झाली. "आजोबा पण हेच करायचे," असं ते बायकोला म्हणाले म्हणे. बायको देवीला नवस बोलून आली, तो गाडीसाठीच असावा.

असं त्या उन्हाळ्यात चार वेळा झालं. चौथ्या वेळेनंतर डॉक्टर माझ्याकडे आले. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे सोलापुरात कुणाची जुनी गाडी अडली की "मास्तरांना विचारा" असं होतं. हातांनी काम करणारे मात्र चाचा, अक्कलकोट रोडला पत्र्याच्या शेडमध्ये. माझं काम वहीत नोंदी ठेवायचं आणि वाद घालायचं.

गाडी १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट. आजोबाही डॉक्टर होते, मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडच्या गावांत व्हिजिटला जायचे. १९९४ पासून गाडी होटगी रोडच्या शेडमध्ये उभी होती. नातवाने चार वर्षांपूर्वी ती बाहेर काढली आणि दुसऱ्या शहरातल्या एका रिस्टोरेशनवाल्याकडे पाठवली. दोन वर्षं आणि साडेसहा लाख रुपये गेले. परत आली तेव्हा रंग आरशासारखा, क्रोम चकचकीत, आणि बिलात एक ओळ: इंजिन संपूर्ण ओव्हरहॉल. त्या ओळीकडे मी नंतर येतो.

डॉक्टरांचं निदान तयार होतं. हे इंजिन सोलापूरच्या उन्हाला कमी पडतं, त्याला ताकद द्यायला हवी. त्यासाठी त्यांनी इटलीहून एक जुना वेबर कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, मागवला होता, दोन नळ्यांचा. तो खोक्यातून काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. दिसायला देखणी वस्तू, यात वाद नाही.

त्यांचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. आपण ज्याला मुंबईच्या टॅक्सीचं इंजिन म्हणतो, त्याचं घराणं मोठं आहे. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), १०८९ सीसी. हे माप दान्ते जाकोसाच्या हातचं, १९३७ च्या फियाट ५०८ सीपासूनचं. युद्धानंतर पिएरो दुसियोच्या चिसितालिया कंपनीने याच १०८९ सीसी इंजिनावर रेसच्या गाड्या बांधल्या. १९४७ च्या मिले मिलियात, म्हणजे हजार मैलांच्या शर्यतीत, ताझियो नुवोलारी चिसितालिया घेऊन दुसरा आला. त्याच चिसितालियाची पिनिन फारिनाने घडवलेली कूपे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. पुढे १९५८-५९ मध्ये फॉर्म्युला ज्युनिअर शर्यतींत स्टांग्वेलिनीच्या गाड्या याच इंजिनावर धावल्या. आणि फियाटने स्वतः १९५३ मध्ये ११०० ची 'तुरिस्मो वेलोचे' आवृत्ती काढली, लाडाने 'टीव्ही'. ग्रिलच्या मधोमध तिसरा दिवा आणि साध्या मॉडेलच्या ३६ च्या घरातल्या अश्वशक्तीऐवजी ५० च्या घरातली.

डॉक्टरांना तो तिसरा दिवाही बसवायचा होता. त्यासाठी ग्रिल कापावी लागणार होती. त्यांच्या आईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "शंकराला शोभतो तिसरा डोळा. तुझ्या आजोबांच्या गाडीला कशाला?" माझा अर्धा वाद तिथेच मिटला.

उरलेला अर्धा असा. टीव्हीची जास्तीची ताकद नुसत्या कार्ब्युरेटरने आली नव्हती. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवलं, कॅम (झडपा उघडणारा दांडा) वेगळा दिला, मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेल्या नळ्या) त्याला साजेसा केला आणि त्यावर दोन नळ्यांचा वेबर चढवला. आपल्या साध्या हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर), साध्या मॅनिफोल्डवर तो एकटा बसवणं म्हणजे पाच माणसांच्या घरात पन्नास माणसांचं पातेलं आणणं. शिवाय जे इंजिन आहे तेवढ्या ताकदीतच तापतंय, त्याच्यातून जास्त ताकद काढली तर ते जास्तच तापणार. डॉक्टरांना मी एवढंच विचारलं, ताप का आलाय ते न बघता तुम्ही पेशंटला टॉनिक देता का? त्यांनी खोकं परत गाडीत ठेवलं. पटलं म्हणून नाही, दुसऱ्या पेशंटची वेळ झाली होती म्हणून.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. सोलापूरकर फियाटला परदेशी गाडी म्हणतात तेव्हा मला हसू येतं. ही गाडी कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनली, ती कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद इथलेच, १८८२ साली सोलापुरात जन्मलेले. १९५३ मध्ये ते गेले, त्याच वर्षी तिकडे जिनिव्हात नवी ११०० लोकांसमोर आली. मुंबईकरांनी तिच्या गोल नाकाकडे बघून नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. आमची डिलाइट त्याच्या पुढच्या पिढीची, नाक सपाट आणि मागे छोटे पंख.

आता निदानाकडे. ओल्या फडक्याने गाडी चालते, म्हणजे पेट्रोलची वाफ पंपात अडते, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. ते खोटं नव्हतं. पण पंप स्वतः तापत नाही. तो ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या इंजिनाच्या मुख्य भागाला, चिकटून बसलेला असतो, ब्लॉक त्याला तापवतो. आधीच्या गॅरेजने यावर उपाय म्हणून रेडिएटरचं कोअर नवं टाकलं होतं, थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप) काढून फेकला होता आणि विजेचा पंखा बसवला होता. पंख्याने नवीच अडचण केली. या गाडीला बॅटरी चार्ज करायला डायनामो असतो, आणि डायनामो मंद वेगात काही चार्जिंग करत नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला पंखा फिरायचा तो बॅटरी खात. म्हणजे गाडी आधी तापायची आणि मग सेल्फही मारायची नाही.

चाचांकडे हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर आहे, कोविडच्या काळातला नव्हे, कारखान्यात वापरतात तो. गाडी शेडमध्ये वीस मिनिटं उभी चालू ठेवली आणि त्यांनी ब्लॉकवर पुढून मागे नेम धरला. पुढे पाण्याच्या पंपापाशी ८४. दुसऱ्या सिलिंडरपाशी ९१. तिसऱ्यापाशी ९९. चौथ्यापाशी ११२. रेडिएटरच्या वरच्या पाइपात मात्र ८५.

चाचा म्हणाले, "मास्तर, ताप डोक्याला नाही हो. पायाला आहे."

रेडिएटर आपलं काम करत होता, त्याच्याकडे येणारं पाणीही ठीक होतं. पण मागच्या सिलिंडरांभोवती पाणी फिरतच नव्हतं. ही गोष्ट चार वेळा घाटात अडकून, तीन मेकॅनिकना दाखवून आणि साडेसहा लाख खर्चून कुणाला दिसली नव्हती, कारण सगळे पुढून, रेडिएटरच्या बाजूने बघत होते.

हेड उतरवलं. मग ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे डाट, जे पाण्याचं जॅकेट बंद करतात, ते काढायला घेतले. पुढचे दोन छिन्नीने सहज निघाले. मागचा निघेना. त्याच्यावर रंगाचे तीन थर होते आणि सगळ्यात वर चकचकीत काळा. म्हणजे 'संपूर्ण ओव्हरहॉल' करणाऱ्यांनी त्याला हातही न लावता वरून रंग मारला होता. चाचांनी मधोमध ड्रिलने भोक पाडलं. अशा वेळी भोकातून थोडं तरी पाणी यायला हवं. आलं नाही. आत चुना होता, घट्ट आणि तांबूस, जुन्या बंबाच्या तळाशी बसतो तसा.

पुढचे दोन दिवस चाचा एका स्टुलावर बसून होते. त्यांच्या हातात सायकलची सरळ केलेली तार, टोकाला जरा वाकवलेली. ती आत घालायची, ओढायची, आलेला चुरा कागदावर टाकायचा. मध्येच लिंबूसत्वाचं गरम पाणी भरायचं, तासभर फसफसू द्यायचं, ओतायचं, परत तार. ब्लॉक बिडाचा म्हणून हे चालतं. हेड अॅल्युमिनियमचं, त्याला आम्ही आम्लाजवळही नेलं नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी तार तिसऱ्या सिलिंडरपाशी अडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौथ्याच्या मागून वळली आणि पलीकडच्या बाजूने टोक दिसलं. चाचांनी तार तशीच ठेवून चहा मागवला. कागदावरचा चुरा आम्ही किराणा दुकानात नेऊन तोलला, सव्वातीनशे ग्रॅम भरला.

डॉक्टर बघायला आले तेव्हा बराच वेळ त्या पुडीकडे बघत राहिले. आजोबा गावोगाव जायचे, रेडिएटरला पाणी कमी वाटलं की जिथे असतील तिथल्या विहिरीचं, आडाचं, पुढे बोअरचं पाणी घालायचे. आपल्या भागातलं पाणी किती जड असतं, हे घरातल्या गिझरची कॉइल बघितलेल्या कुणालाही सांगायला नको. पाणी उडून जातं, चुना राहतो. सगळ्यात मागे, जिथे प्रवाह मंद, तिथे जास्त राहतो.

हेडला त्याच पाण्याने वेगळा त्रास दिला होता. चौथ्या सिलिंडरजवळच्या पाण्याच्या भोकाची कड खाऊन गेली होती, हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटची पकड जेमतेम दोन मिलिमीटर उरलेली. ते आरगॉन वेल्डिंगने भरून घेतलं, मग फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणं. वेल्डिंगवाल्याने पहिल्यांदा नाही म्हटलं, "साठ वर्षांच्या अॅल्युमिनियमनं आतून तेल पिलेलं असतं, बुडबुडे येतात." आले. दुसऱ्यांदा घासून, तापवून परत भरलं, तेव्हा बसलं. या एका कामात आठ दिवस गेले.

एवढ्यावर भागलं असतं तर हे प्रकरण लिहायची गरज नव्हती. ब्लॉक साफ करून, हेड बसवून, विजेचा पंखा काढून, नवा थर्मोस्टॅट घालून गाडी पुन्हा चालू केली. पुढे ८५, मागे ९४. सुधारणा मोठी, पण चाचा खूश नव्हते. गाडी चढाला दम खात होती आणि सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डपाशी हवा त्यापेक्षा जास्त तापत होता.

ठिणगी कधी पडते ते दाखवणारा टायमिंग लाइट लावला. अॅक्सिलरेटर दिला की पुलीवरची खूण सरकायला हवी. ही जागेवरून हलेना. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी वजनं गंजून धरली होती. म्हणजे वेग वाढला तरी ठिणगी उशिराच पडत होती, आणि उशिरा पेटलेलं पेट्रोल पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्ट तापवतं. वजनं सोडवली, स्प्रिंगा बदलल्या.

मग पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. गंमत बघा, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल, आणि आपल्याच जिल्ह्यातली फियाट त्याने हैराण. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. नवी गाडी सेन्सर बघून हिशोब जुळवते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, त्याच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या खुंटीचं, भोक ठरलेलं. म्हणजे गाडी आठ-नऊ टक्के उपाशी चालते, आणि अशी उपाशी, पातळ मिश्रणावर चालणारी गाडी तापते. आमच्या सोलेक्स कार्ब्युरेटरमधून १२५ चा जेट निघाला, म्हणजे १.२५ मिलिमीटरचं भोक. १३० चा घातला तर क्षेत्रफळ किती वाढतं? १.३० भागिले १.२५, त्याचा वर्ग: १.०८. बरोबर आठ टक्के. मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा फरक, दोन-अडीचशे रुपयांची पितळी खुंटी. डॉक्टरांच्या खोक्यातल्या वेबरची किंमत मी इथे लिहीत नाही, त्यांच्या घरी हे वाचतात.

पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइपही बदलले. जुना पडदा इथेनॉलने फुगून मऊ पडला होता, बोटाने दाबला तर ठसा राहायचा.

बॉडीचं थोडक्यात सांगतो. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे मुंबईच्या गाड्यांसारखं तळ सडणं इथे कमी. तरी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांखाली फिरवलं तर डावीकडे वीतभर जागी ते चिकटेचना. रंगाखाली पुटी, पुटीखाली गंज. डॉक्टरांना लाल रंग पुन्हा मारायचा होताच; खरवडताना डिकीच्या बिजागरीखाली मूळचा फिकट राखाडी-निळा सापडला आणि आईंनी "हाच" म्हणून निकाल दिला.

सीटांवर मात्र थांबायला हवं. मूळ सीटा रेक्झिनच्या, पण आजोबांनी त्यांवर सोलापुरी चादरीच्या कापडाच्या खोळी शिवून घेतल्या होत्या, मरून आणि पिवळ्या चौकटींच्या. एक फाटकी खोळ कपाटात मिळाली. डॉक्टरांना तीच नक्षी हवी होती. ओळखीच्या एका मागवाल्या अण्णांकडे गेलो. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नवी नक्षी म्हणजे आधी पुठ्ठ्याची कार्डं पाडायची, मग बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, भरायचा. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, चार सीटांसाठी बीम लावला तर तुमच्या गाडीपेक्षा चादर महाग पडंल की." तीन आठवडे काही झालं नाही. मग एका रात्री त्यांचाच फोन: मरून ताण्याचा एक बीम संपत आलाय, शेवटचे आठ-नऊ मीटर उरलेत, कार्डं तेवढी पाडून द्या, बाणा मी पिवळा घालतो. पाडली. कापड आलं ते मूळ खोळीपेक्षा चौकटीत एक धागा मोठं होतं. अण्णांनीच ते दाखवलं, आम्हाला कळलंही नसतं.

कागदपत्रांत डॉक्टर सगळ्यात जास्त वैतागले. आरसी आजोबांच्या नावावर, ते जाऊन तीस वर्षं. वारसाच्या नावावर करायचा अर्ज म्हणजे फॉर्म ३१, आणि त्यासाठी चार चुलत भावंडांच्या सह्या. एक भाऊ म्हणाला, गाडीतला माझा हिस्सा काय? त्याला पहिली चक्कर कबूल करून सही घेतली.

मग प्रश्न आला तो व्हिंटेज नोंदणीचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. पण इंजिन, चेसिस किंवा बॉडीत मोठा बदल केलेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही. आणि व्हिंटेज गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच ती रस्त्यावर आणायची. डॉक्टरांना रविवारी आईला घेऊन सिद्धेश्वराला जायचं होतं आणि गड्ड्याच्या यात्रेत गाडी मिरवायची होती. मी म्हटलं, मग साधी नोंदणीच पुन्हा चालू करा, फिटनेस दाखवा. त्यांचे एक मित्र म्हणत होते, व्हिंटेज केली की किंमत वाढते. वाढत असेल. विकायची आहे का, एवढंच विचारलं. नोंदणी साधी झाली, जुन्या अक्षरांचा नंबर तोच राहिला.

चाचांनी एक अट घातली होती: काम दिवाळीला संपलं तरी पास-नापास मे महिन्यात ठरवायचं, दुपारी दोन वाजता, तुळजापूरच्या घाटात. तोवर पैसे पूर्ण घेणार नाहीत. डॉक्टरांनी तेव्हाच देऊ केले, चाचांनी हजार रुपये मुद्दाम बाकी ठेवले.

यंदाच्या मे मध्ये आम्ही चौघे गेलो. बाहेर ४२ अंश, गाडीत किती ते मोजायची हिंमत झाली नाही. पिवळ्या चौकटींच्या कापडावर पाठ भिजून चिकटली होती. ज्या वळणावर गाडी बंद पडायची तिथे डॉक्टरांनी रेडिओ बंद केला. गाडी दुसऱ्या गिअरवर, फारशी घाई न करता, वर आली. वेगाबद्दल विचाराल तर सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर सपाटीला ती ८० ने आरामात जाते आणि चढाला मागच्या ट्रकला हॉर्न वाजवायला लागत नाही. नुवोलारीची आठवण यावी असं काही नाही.

वर आल्यावर चाचांनी बॉनेट उघडून नेम धरला. पुढे ८८, मागे ९३. डॉक्टरांनी खिशातून हजार रुपये काढले. चाचांनी घेतले, आणि म्हणाले, "उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाका. ऐका."

उतरताना टाकला. गिअर ओरडला.

"सिंक्रो गेलाय," चाचा मागच्या सीटवरून म्हणाले. "पण चालतंय अजून. गणपती झाले की उघडू."